अमेरिकेतले शीख आणि "ओळखण्यात चूक झाली" हे उत्तर

तळ्याकाठी

५ ऑगस्ट २०१२, रविवार सकाळ. विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एक नवनाझी बंदूक घेऊन घुसला आणि त्याने सहा जणांना मारलं. सातवे बाबा पंजाबसिंग. ते साडेसात वर्षं अंथरुणाला खिळून होते, मार्च २०२० मध्ये गेले. बाहेर खेळणारी दोन लहान मुलं हल्लेखोराला बघून आत पळाली आणि त्यांनी ओरडून सगळ्यांना सावध केलं. स्वयंपाकघरात लंगरची तयारी चालू होती, तिथल्या बायका मुलांना घेऊन कोठीच्या खोलीत दडल्या. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हातात एक सुरी घेऊन त्याला सामोरे गेले आणि मारले गेले.

मी मिलवॉकीच्या बाजूला राहते. दर ऑगस्टला आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघतो, आणि दर वेळी कोणीतरी हळहळून म्हणतं, "बिचारे! मुसलमान समजून मारले." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मला हे स्पष्टीकरण पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचं आहे.

एक तर ते घडलेल्या गोष्टींशी जुळत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांचा खून झाला. स्वतःच्या पेट्रोल पंपाबाहेर ते फुलझाडं लावत होते. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या मृतांसाठीच्या मदतपेटीत खिशातले होते नव्हते ते पैसे त्यांनी टाकले होते. खुनी तिथून पुढे गेला, एका लेबनीज वंशाच्या दुकानदारावर गोळ्या झाडल्या, मग एका अफगाण कुटुंबाच्या घरावर. त्याने कोणाचा धर्म विचारला नव्हता आणि त्याला तो जाणूनही घ्यायचा नव्हता. परका दिसणारा माणूस त्याला हवा होता आणि तसे त्याला तीन ठिकाणी सापडले. यात चुकलेली ओळख कुठली?

आता मागे जाऊ या. ४ सप्टेंबर १९०७, वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम. लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांच्या राहत्या जागांवर शेकडो गोऱ्यांचा जमाव चालून गेला. मजुरांना बिछान्यातून ओढून रस्त्यावर आणलं, मारलं, त्यांचं सामान फेकलं. थोड्याच दिवसांत एकजात सगळे ते गाव सोडून गेले. यातले बहुतेक पंजाबचे शीख होते आणि वर्तमानपत्रं त्यांना "हिंदू" म्हणत होती. तेव्हा ना बिन लादेन होता ना जुळे मनोरे. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला लागलं. त्यातले ३४० शीख. दोन महिने त्यांना बंदरात अडकवून ठेवलं, मोजक्या लोकांना उतरू दिलं आणि बाकीच्यांना परत पाठवलं. कोलकात्याजवळ बजबजला ते पोचले तेव्हा इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, पगडीसकट.

म्हणजे द्वेष शंभर वर्षं जुना आहे. कारणं तेवढी बदलत गेली: आधी "आमच्या नोकऱ्या घेतात", मग "हे गोरे नाहीत", मग "हे दहशतवादी".

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं आणि ते शिखांच्या धर्मातच आहे. "मुसलमान समजून मारले" याचा अर्थ मुसलमानाला मारलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं, असा निघतो. हे शिखाच्या तोंडी बसतच नाही. बाल नानकांनी जानवं घालायला नकार दिला, ही कथा प्रत्येक शीख मूल ऐकतं. नववे गुरू तेगबहादूर यांनी १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात शीर दिलं, ते काश्मिरी पंडितांच्या टिळ्या-जानव्यासाठी. जे चिन्ह आपल्या पहिल्या गुरूने नाकारलं, ते घालण्याच्या दुसऱ्याच्या हक्कासाठी नवव्या गुरूने प्राण दिले. ज्यांच्या श्रद्धेच्या मुळाशी ही घटना आहे, त्यांनी "आम्हाला नको, त्यांना मारा" असं कसं म्हणायचं? २००१ नंतर अमेरिकेतल्या कित्येक शीख कार्यकर्त्यांनी हे बोलणं कटाक्षाने टाळलं. "आम्ही मुसलमान नाही" एवढं म्हणून सुटका करून घेणं सोपं होतं, आणि भीतीपोटी काहींनी तसे फलक लावलेही. पण ज्यांनी तो मार्ग घेतला नाही, त्यांची किंमत आपण ओळखायला हवी.

आणि पगडी? "मग काही दिवस काढून ठेवायची," असं आपल्यातले शहाणे लोकही म्हणतात. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा उभा केला तेव्हाच न कापलेले केस, कंघा, कडं, कृपाण (छोटी तलवार) आणि कच्छेरा (आखूड चड्डी) ही पाच चिन्हं ठरली. ते केस राखायला पगडी. शीख गर्दीत लपू नये, कोणी अडचणीत असेल तर त्याला लांबूनही दिसावं की इथे मदत मागता येईल, हा त्यामागचा भाव. संकटात दिसेनासं होणं हाच पर्याय त्यात ठेवलेला नाही. पगडी उतरवून जीव वाचवा असं सांगणं म्हणजे शीख असणंच सोडा असं सांगणं आहे.

ओक क्रीकनंतर आई गमावलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलाने अमेरिकी सिनेटसमोर साक्ष दिली. आईच्या मृत्यूची निदान सरकारी दप्तरात नोंद तरी व्हावी, एवढंच त्याचं मागणं होतं. कारण तोवर एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या फॉर्मवर शिखांसाठी रकानाच नव्हता. २०१५ पासून तो आला. २०२२ च्या आकड्यांत धर्माच्या नावावर झालेल्या गुन्ह्यांत ज्यूंच्या खालोखाल शीख आहेत. या देशात त्यांची संख्या साधारण पाच लाखांच्या आसपास धरतात, हे लक्षात घेऊन तो क्रम वाचा.

तुमचे अनुभव, मतभेद, माहिती, सगळं लिहा.

---

रानजाई

ताई, मनापासून धन्यवाद. यात कॅन्ससची घटना जोडते. फेब्रुवारी २०१७, ओलेथा गाव. श्रीनिवास कुचिभोतला हा हैदराबादचा इंजिनिअर मित्राबरोबर बारमध्ये बसला होता. खुन्याने त्यांना इराणी समजून गोळ्या घातल्या. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटावर पहिली प्रतिक्रिया काय आली असेल? "आपण टिकली लावून बाहेर पडावं का, म्हणजे कळेल आपण कोण ते." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. तुमचा धागा त्यांना पाठवते आहे.

---

रोखठोक

लेख चांगला आहे, पण मला पूर्ण पटला नाही. तत्त्व म्हणून सगळं ठीक. रस्त्यावर ज्याच्या अंगावर कोणी धावून येतं, त्याने तत्त्व सांभाळायचं की जीव? "मी शीख आहे, माझा त्या लोकांशी संबंध नाही" हे सांगण्यात गैर काय? अमेरिकन माणसाला शीख कोण हेच माहीत नाही, ही वस्तुस्थिती आहे. अज्ञान दूर केलं तर निम्मे प्रश्न सुटतील. सगळ्यालाच वंशद्वेष म्हटलं की उपाय उरत नाही.

---

तळ्याकाठी

@रोखठोक, अज्ञान दूर करायलाच हवं, याबद्दल वाद नाही. शाळेच्या पुस्तकांत शिखांची माहिती यावी म्हणून शीख संस्था वर्षानुवर्षं राज्याराज्यांत खपत आहेत. "आम्ही शीख आहोत, या, बघा" हे सांगणं आणि "आम्ही ते नाही" हे सांगणं यात मला फरक दिसतो. पहिल्यात ओळख करून देणं आहे, दुसऱ्यात शेजाऱ्याकडे बोट दाखवणं आहे.

एक उदाहरण देते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये प्रभज्योतसिंग या डॉक्टर-प्राध्यापकांना तरुणांच्या टोळक्याने "ओसामा" म्हणत दाढी धरून मारलं, जबडा मोडला. त्यांनी नंतर काय सांगितलं? त्या मुलांना गुरुद्वारात बोलवायला मला आवडेल, आम्ही कोण आहोत ते त्यांनी बघावं. स्वतःचा जबडा तारेने बांधलेला असताना. यात तत्त्वही आहे आणि तुमचा उपायही आहे.

रस्त्यात अंगावर कोणी आलं तर जीव वाचवण्यासाठी माणूस जे बोलेल ते बोलेल, त्याचा न्याय मी करणार नाही. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. घरात सुरक्षित बसून आपण जी भाषा वापरतो, तिच्याबद्दल.

---

गोदाकाठचा

मी नांदेडचा शीख. आमच्या कितीतरी पिढ्या हजूर साहिबच्या आसऱ्याने वाढल्या. घरात मराठीही बोलतो आणि दख्खनीही. गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथल्या पंजाबी शिखांना आधी आश्चर्य वाटतं की हा मराठीत फोनवर बोलतो कसा, मग "हजूर साहिबचा" म्हटलं की घरी जेवायला नेतात. १७०८ मध्ये दशमेश पित्याने, म्हणजे गुरू गोविंदसिंगांनी, नांदेडलाच ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली, त्यामुळे आमच्या गावाचं नाव त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतं.

पगडीबद्दल थोडं लिहितो, कारण बाहेरून ती टोपीसारखी घालायची-काढायची वस्तू वाटते. पाच-सहा मीटर कापड. सकाळी घरातलं दुसरं कोणीतरी त्याचं टोक धरतं, दोघं मिळून ते ताणून त्याची घडी घालतात, तिला आम्ही पोणी म्हणतो. एक टोक दातात धरायचं, एकेक पेच बसवत जायचं आणि शेवटी सलाईने केस आणि कडा आत सारून नीट करायच्या. आमच्याकडे पोणी धरायला माझी मुलगी असते. रोज. शाळेची बस चुकत असली तरी. हा वेळ आमच्या घरात कोणाला ओझं वाटत नाही.

आता विमानतळ. यंत्रातून सुखरूप बाहेर पडलो, काहीही वाजलं नाही, तरी बाजूला घेतात. नियमाप्रमाणे मी स्वतःच्या हाताने स्वतःची पगडी चाचपू शकतो आणि मग ते माझ्या हातांवर पट्टी फिरवून स्फोटकांसाठी तपासतात. दोन मिनिटांचं काम. पण मागे उभी असलेली रांग त्या दोन मिनिटांत माझ्याकडे कशी बघते ते माझी मुलं बघतात. मुलगा पटका बांधतो, म्हणजे लहान मुलं केसांवर बांधतात ते छोटं कापड. चौथीत असताना त्याच्या वर्गातल्या एकाने मागून येऊन पटका ओढून काढला. केस मोकळे सुटले. मुलगा घरी येऊन रडला नाही, फक्त विचारलं, आता रोज असं होईल का? शाळेला भेटलो तर पहिल्या वेळी उत्तर मिळालं की मुलं खेळतात. सिख कोएलिशन या संस्थेने २०१४ मध्ये पाहणी केली होती. निम्म्याहून अधिक शीख मुलांना शाळेत त्रास होतो आणि पगडी-पटका बांधणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के आहे. ते वाचून मला वाईट वाटलंच, पण बळही आलं. पुढच्या भेटीत तो अहवाल टेबलावर ठेवला आणि मग शाळा नीट बोलली.

२०१६ मध्ये आमच्या इथल्याच रिचमंडमध्ये एका आयटीवाल्या शीख माणसाला सिग्नलला गाडीत मारहाण झाली. हल्लेखोरांनी त्याची पगडी पाडली आणि सुरीने त्याचे केस कापले. त्याचं एक बोटही पुढे काढावं लागलं. आमच्या गुरुद्वारात त्या आठवड्यात बोटाबद्दल कोणी बोलत नव्हतं, सगळे केसांबद्दल बोलत होते. त्याने कोर्टात उभं राहून त्या हल्लेखोरांना भाऊ म्हटलं. न्यायालयाने हा द्वेषगुन्हा मानला, शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात: क्षमा त्याने केली आणि नोंद कायद्याने केली.

रोज अरदास, म्हणजे प्रार्थना, संपताना आम्ही "सरबत दा भला" मागतो. सगळ्यांचं भलं. ताईंनी लिहिलं ते याच्याशी धरून आहे. बलबीरसिंगजींचे भाऊ राणा यांनी २०१६ मध्ये तुरुंगातल्या खुन्याशी फोनवर बोलणं केलं, त्याची क्षमायाचना ऐकून घेतली आणि सांगितलं की मी तुला केव्हाच माफ केलं आहे. त्यांचा आणखी एक भाऊ २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवताना गोळी लागून गेला होता. मला अजून त्या पायरीवर पोचता आलेलं नाही, पण रोज मागतो.

---

रानजाई

दादा, तुमच्या मुलाचं पुढे काय झालं? पटका बांधतो का अजून?

---

गोदाकाठचा

बांधतो. आता तर पूर्ण पगडी बांधायला शिकतोय. रंग मात्र रोज शर्टाशी जुळणारा हवा असतो त्याला. :)

---

दिंडी_दरवाजा

नांदेडकर दादांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडच्या लोकांना हा "दुसऱ्यांचा" विषय वाटू नये म्हणून थोडी भर घालतो. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे विष्णू गणेश पिंगळे. तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेला. वर बेलिंगहॅमचं आलं आहे. त्याच किनारपट्टीवर गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या, मार खाणाऱ्या, "हिंदू" म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शीख मजुरांनी १९१३ मध्ये गदर पक्ष उभा केला. पांडुरंग खानखोजे त्यात होते, पिंगळेही त्यात आले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे यांना एकाच दिवशी फाशी दिलं.

गोऱ्यांच्या देशातल्या अपमानातूनच ती माणसं एकत्र आली होती. कोण पुण्याचा, कोण लुधियान्याचा, हे त्या जमावाने पाहिलं नव्हतं आणि यांनीही पाहिलं नाही.

---

मेपल_पान

मी टोरंटोजवळ राहतो. धाग्यात एक बाजू येत नाही, ती मांडतो. २३ जून १९८५ ला बॉम्बने उडवलेलं एअर इंडियाचं कनिष्क विमान. ३२९ माणसं गेली, बहुतेक भारतीय वंशाचे कॅनेडियन. कट इथेच शिजला, खलिस्तानवाद्यांनी शिजवला. आजही इथल्या काही मिरवणुकांत त्या कटवाल्यांचे फोटो मिरवतात. ते पाहून माझ्यासारख्याला राग येतो. हा राग म्हणजे पूर्वग्रह आहे का?

---

गोदाकाठचा

@मेपल_पान, तुमचा राग मला समजतो आणि तो माझाही आहे. त्या विमानात शीखही होते. कॅनडातल्याच सरेचे पत्रकार तारासिंग हेयर यांनी या लोकांविरुद्ध लिहिलं, १९८८ मध्ये गोळ्या खाऊन चाकाच्या खुर्चीत आले, तरी लिहीत राहिले, आणि १९९८ मध्ये त्यांना घराच्या गॅरेजमध्ये मारलं. कनिष्क खटल्यात ते साक्षीदार होणार होते. पगडीवाले होते.

फोटो मिरवणाऱ्यांवर रागवा. मीही रागावतो, गुरुद्वाराच्या सभेत उठून बोललोही आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. पण तो राग ट्रक चालवणाऱ्या, पिझ्झा पोचवणाऱ्या पोरावर गेला की तो पूर्वग्रह झाला. आणि एक सांगतो, राग मानू नका. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत पगडी बघूनच माणसं जाळली होती. त्यामुळे "पगडी दिसली की हिशोब चुकता करा" ही रीत आम्हाला परदेशात पहिल्यांदा भेटलेली नाही.

---

मेपल_पान

हेयर यांच्याबद्दल वाचलं होतं, विसरलो होतो. बरोबर आहे तुमचं. मिरवणुकीबद्दलचं माझं मत तेच राहील, पण बाकीचं मान्य.

---

थेम्सकाठ

इंग्लंडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये १९६७ साली तरसेमसिंग संधू हे बस ड्रायव्हर आजारपणानंतर पगडी-दाढीसह कामावर आले आणि त्यांना परत पाठवलं. दोन वर्षं हा लढा चालला. त्या गावचे खासदार इनॉक पॉवेल यांनी १९६८ च्या स्थलांतरितांविरुद्धच्या आपल्या कुप्रसिद्ध भाषणातही हा वाद ओढला. एप्रिल १९६९ मध्ये बंदी उठली. मग १९७६ मध्ये मोटारसायकलवर पगडीवाल्यांना हेल्मेटमधून सूट मिळाली. १९८३ मध्ये मंडला खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण शिखांना लागू होतं. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने मुलाला पगडीमुळे प्रवेश नाकारला होता, त्यावरून तो खटला उभा राहिला होता.

हे सगळं जिंकून झालं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेल्वे स्टेशनबाहेर दोन वयस्कर शीख टॅक्सीचालकांना पोरांनी भर दिवसा मारलं. एकाची पगडी रस्त्यावर पडलेली दिसते त्या व्हिडिओत. ज्या गावाने पगडीचा एवढा लढा बघितला, जिथे तीन पिढ्या शेजारी राहिल्या, तिथे अज्ञानाचं कारण मी तरी मानणार नाही. @रोखठोक, हे तुमच्यासाठी.

फ्रान्सचं वेगळं. तिथे २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत पगडीच बंद केली, पॅरिसजवळच्या बोबिन्यीत मुलांना शाळेतून काढलं. तिथे मारणारा जमाव नाही, कायदाच आहे.

---

रोखठोक

वुल्व्हरहॅम्प्टनचं उदाहरण बिनतोड आहे. अज्ञान हे एकमेव कारण नाही, हे मान्य करतो. पण शाळेच्या पुस्तकांचा आग्रह सोडू नये असं अजूनही वाटतं.

---

दोन_लेकरांची_आई

एक शंका विचारू का? कोणाचा अपमान करायचा हेतू नाही. माझ्या मुलाच्या वर्गात एक अमृतधारी (खालशाची दीक्षा घेतलेला) मुलगा आला आहे, कृपाण घालतो. पालकांच्या गटात घबराट उडाली आहे, "शाळेत सुरी" वगैरे. आम्ही ब्रॅम्प्टनला नवीनच आलो आहोत. मला त्या मुलाच्या आईच्या बाजूने बोलायचं आहे, पण नेमकं काय सांगावं कळत नाही.

---

मेपल_पान

याचं उत्तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलं आहे, मुल्तानी खटल्यात. मॉन्ट्रियलच्या एका शाळेत २००१ मध्ये खेळताना एका मुलाची कृपाण खाली पडली आणि शाळामंडळाने बंदी घातली. न्यायालयाने ती सरसकट बंदी रद्द केली. अट अशी होती: कृपाण कपड्यांच्या आत, लाकडी म्यानात आणि म्यान जाड कापडाच्या पिशवीत शिवून टाकलेलं. म्हणजे शिवण उसवल्याशिवाय ती निघणारच नाही. निकालात हाही मुद्दा आहे की शाळेत कात्र्या असतात, बेसबॉलच्या बॅटी असतात, त्या कोणी बंद करत नाही आणि कृपाणीने शाळेत कोणाला मारल्याचा एकही दाखला समोर आला नाही.

गटात हे एवढं टाका. पण त्याआधी त्या मुलाच्या आईला भेटा आणि तिची परवानगी घ्या. ब्रॅम्प्टनला शाळामंडळाची स्वतःची नियमावली असते, ती शाळेच्या ऑफिसात मागून घ्या, मुख्याध्यापकांकडूनच गटावर गेली तर वाद लवकर मिटेल.

---

दोन_लेकरांची_आई

आभारी आहे. उद्या शाळा सुटताना त्यांना गाठते.